अक्षराच्या डोक्यावरचं अक्षर : ग्लॅगोलिटिक लिपी आणि युनिकोड

एखाद्या जुन्या लिपीचा फॉन्ट तयार झाला की ती लिपी संगणकावर आली, असं आजही बरेच जण समजतात. मराठीत या समजाची किंमत आपण भरपूर मोजली आहे. कृतिदेव किंवा शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की रोमन अक्षरांचा कचरा समोर यायचा, कारण फाइलमध्ये मराठी नव्हतंच. होते ते रोमन अक्षरांचे क्रमांक, आणि फॉन्ट त्यांवर मराठी चित्रं चढवत होता.

ग्लॅगोलिटिक या स्लाव्ह लोकांच्या सर्वांत जुन्या लिपीचा प्रश्नही हाच होता. इ. स. ८६३च्या सुमारास थेसालोनिकीचे कॉन्स्टन्टाइन, म्हणजे पुढचे संत सिरिल, यांनी मोराव्हियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकाचा भाग) धर्मकार्यासाठी ती घडवली. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी सिरिलिक, म्हणजे आज रशियन लिहिली जाते ती लिपी, नंतरची, बल्गेरियातली. क्रोएशियाच्या किनाऱ्यावर मात्र ग्लॅगोलिटिक शतकानुशतकं टिकली: क्र्क बेटावरचा बाश्काचा शिलालेख साधारण ११००चा आहे आणि १४८३ साली या लिपीत प्रार्थनाग्रंथ छापला गेला. बल्गेरियन वळण गोलाकार, क्रोएशियन कोनदार.

प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारी व्यवस्था म्हणजे युनिकोड. मार्च २००५मध्ये, ४.१ या आवृत्तीत, युनिकोडने या लिपीला जागा दिली. गोल आणि कोनदार ‘अझु’ला, म्हणजे पहिल्या अक्षराला, क्रमांक एकच मिळाला: २सी०० (हे क्रमांक सोळाच्या पायात लिहितात, म्हणून त्यांत ए ते एफ ही अक्षरंही येतात). वळण कसं दिसावं हे फॉन्टने ठरवायचं. कोणतं अक्षर आहे हे क्रमांकाने.

हा क्रमांक म्हणजे अक्षराची ओळख, त्याचं मूल्य नव्हे. ग्लॅगोलिटिक अक्षरांना अंकमूल्यंही होती, अझु १, बुकी २, वेदे ३, पण ती संख्या लिहिण्यासाठी होती. 

खरी गंमत पुढे आहे. लेखनिक शब्दांचा संक्षेप करताना काही अक्षरं ओळीत न लिहिता आधीच्या अक्षराच्या डोक्यावर बारीक लिहायचे. फॉन्टचा आकार कमी करून हे अक्षर वर सरकवता येईल, पण मजकूर कॉपी करून साध्या फाइलमध्ये टाकला की ही सजावट गळते आणि वरचं अक्षर खाली ओळीत येऊन बसतं. संक्षेप होता ही माहितीच पुसली जाते. म्हणून २०१६मध्ये, ९.० या आवृत्तीत, डोक्यावर बसणारी ३८ वेगळी अक्षरं आली. त्यांना स्वतःची रुंदी नाही. ती आधीच्या अक्षराला चिकटतात. फाइलमध्ये आधी मूळ अक्षर, मग वरचं. आपल्या ‘कि’चंही तसंच: वेलांटी डावीकडे दिसते, पण साठवताना क आधी आणि वेलांटी नंतर. फॉन्टमध्ये मूळ अक्षराच्या माथ्यावर एक बिंदू ठरवलेला असतो आणि वरच्या अक्षराच्या तळाशी दुसरा. पडद्यावर काढताना हे दोन बिंदू एकमेकांवर ठेवले जातात.

क्रमांकांची रचना पाहण्यासारखी आहे. ‘नशि’ हे अक्षर मोठ्या रूपात २सी१०, लहान रूपात २सी४०, डोक्यावर बसलं की १ई०१०. मोठ्या-लहानातलं अंतर सोळाच्या पायात ३०, म्हणजे ४८. शेवटचा क्रमांक सोळा बिटांत मावत नाही, म्हणून यूटीएफ-८मध्ये, म्हणजे हे क्रमांक फाइलमध्ये साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, लहान ‘नशि’ला तीन बाइट लागतात (ई२ बी१ ८०) आणि वरच्या ‘नशि’ला चार (एफ० ९ई ८० ९०). आपल्या ‘अ’लाही तीनच लागतात: ई० ए४ ८५.

आणि डोक्यावरच्या अक्षरांच्या या तक्त्यात मुद्दाम सोडलेल्या मोकळ्या जागा आहेत. ‘झेलो’ची १ई००७ रिकामी, तशीच ‘कोळी-ह’ची १ई०२२. चहूबाजूंनी पाय फुटलेलं हे वर्तुळाकार ‘ह’ हस्तलिखितांत मोजक्याच ठिकाणी सापडतं. युनिकोडमध्ये चिन्ह घ्यायचं तर ते प्रत्यक्ष वापरल्याचा पुरावा द्यावा लागतो, नुसत्या तर्काने रांग पूर्ण करता येत नाही. मला या तक्त्यातली ही शिस्त सर्वांत जास्त आवडते.

मुख्य तक्त्यातही २सी२एफ आणि २सी५एफ या दोन जागा सोळा वर्षं मोकळ्या होत्या. २०२१मध्ये, १४.० या आवृत्तीत, तिथे शेपटीवाली ‘च्रिवि’ आली, मोठी आणि लहान.