व्यापार आणि हक्क यांची फारकत कधी झाली?

जागतिकीकरणाने माणसाचे हक्क वाढवले की चिरडले, हा वाद 1990 च्या दशकातला समजला जातो. त्याचे मूळ मात्र 1948 मध्ये आहे.

त्या वर्षी मार्चमध्ये हवाना इथे 53 देशांनी आंतरराष्ट्रीय व्यापार संघटनेच्या सनदेवर सह्या केल्या. कामगारांना, विशेषतः निर्यातीच्या मालासाठी, अन्याय्य अटींवर राबवले तर त्याने व्यापारच अडचणीत येतो, असे तिचे सातवे कलम सांगत होते. आपल्या हद्दीतले असे प्रकार बंद करणे ही सदस्य देशांची जबाबदारी ठरणार होती. पण अमेरिकी काँग्रेसने सनदेला कधीच मंजुरी दिली नाही. 1950 च्या डिसेंबरात ट्रुमन सरकारने प्रयत्न सोडला आणि संघटना कागदावरच राहिली. हाती उरला आयातशुल्क आणि व्यापाराचे नियम ठरवणारा गॅट करार. त्यात कामगारांच्या वाट्याला आली ती एक सवलत : कैद्यांच्या श्रमातून बनलेला माल रोखण्याची मुभा. सनद अशी सोडून देणे, माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत महागात पडलेली चूक हीच.

10 डिसेंबर 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात मालमत्तेचा हक्क आणि कामगार संघटना उभारण्याचा हक्क, दोन्ही होते. शीतयुद्धाने तेही एकत्र राहू दिले नाहीत. 1966 मध्ये नागरी-राजकीय हक्कांचा एक आणि आर्थिक-सामाजिक हक्कांचा दुसरा, असे वेगळे करार झाले. मालमत्तेचा हक्क दोन्हींतून गळला.

बाजार मोकळा झाला की माणूसही मोकळा होतो, या समजुतीला चिलीने छेद दिला. 1973 च्या लष्करी उठावानंतर हुकूमशहा पिनोशेच्या राजवटीत आयातशुल्क उतरत होते आणि त्याच काळात विरोधक बेपत्ता होत होते.

1995 मध्ये जागतिक व्यापार संघटना आली. तिचे निवाडे न पाळणाऱ्या देशावर व्यापारी निर्बंध लावता येतात. हक्कांच्या करारांमागे असे बळ नाही. 1996 च्या सिंगापूर परिषदेत कामगार-मानकांचा विषय आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेकडे सोपवला गेला. या मानकांच्या आडून श्रीमंत देश आपला माल अडवतील, ही विकसनशील देशांची भीती खरीच होती. पण त्या भीतीची किंमत त्यांच्याच कामगारांनी मोजली. 24 एप्रिल 2013 रोजी बांगलादेशात कपड्यांचे कारखाने असलेली राणा प्लाझा ही इमारत कोसळून 1,100 हून अधिक जण मेले, तेव्हा कुठे परदेशी कपडे कंपन्यांनी कामगार संघटनांबरोबर इमारत-सुरक्षेचा कायदेशीर बंधनकारक करार केला.