व्होस्खोद-२

व्होस्खोद-२ : सोव्हिएत संघाची समानव अवकाशमोहीम (१८-१९ मार्च १९६५). या मोहिमेत अलेक्सेई लिओनोव (१९३४-२०१९) यानाबाहेर पडले आणि उघड्या अवकाशात तरंगणारे पहिले मानव ठरले. यानाची धुरा पावेल बेल्यायेव (१९२५-७०) यांच्याकडे होती. ‘व्होस्खोद’ म्हणजे रशियन भाषेत सूर्योदय. पहिला स्पेसवॉक, अवधी सुमारे १२ मिनिटे, एवढीच या मोहिमेची ओळख बहुतेकांना असते. पण त्या १२ मिनिटांनंतरचे तीन दिवस अधिक कठीण होते, आणि या दोघांविषयी आदर वाटतो तो मुख्यतः त्या तीन दिवसांमुळे.

युरी गागारिन ज्या प्रकारच्या यानातून गेले त्या व्होस्तोकमध्येच फेरफार करून व्होस्खोद बनवले होते. एकाच्या जागेत जास्त माणसे बसवायची म्हणून अंतराळवीराला बाहेर फेकणारे सुटकेचे आसन काढून टाकले गेले. उड्डाणाच्या पहिल्या क्षणांत रॉकेट बिघडले असते, तर दोघांना वाचवण्याचा काही उपाय नव्हता. दुसरी अडचण अशी की, केबिनमधली उपकरणे हवेनेच थंड ठेवली जात, त्यामुळे सगळी केबिन निर्वात करून दार उघडणे शक्य नव्हते. म्हणून यानाच्या बाहेरच्या अंगाला ‘व्होल्गा’ नावाची फुगवता येणारी हवाबंद नळी जोडली. फुगल्यावर तिची लांबी सुमारे अडीच मीटर होई. आतून ती जेमतेम १ मीटर रुंद होती.

या नळीची चाचणी घेण्यासाठी २२ फेब्रुवारी १९६५ रोजी ‘कॉसमॉस-५७’ हे निर्मनुष्य यान सोडले होते. जमिनीवरच्या केंद्रांचे संकेत एकमेकांत मिसळले, यानाने त्याचा भलताच अर्थ लावला आणि अखेर त्याने स्वतःलाच उडवून दिले. चाचणीतून मिळणारी बरीच माहिती त्याबरोबर गेली. लिओनोव यांनी नंतर सांगितल्याप्रमाणे, मुख्य अभिकल्पक सर्गेई कोरोलेव्ह यांनी थांबायचे की निघायचे याचा निर्णय या दोघांवर सोपवला. दोघांनी निघायचे ठरवले. महिनाही उलटला नव्हता.

१८ मार्चला बायकोनूर अवकाशतळावरून यान सुटले. लिओनोव पाच मीटरच्या आसपास लांबीच्या दोराला बांधलेले होते. खाली काळा समुद्र आणि कॉकेशस पर्वत नकाशासारखे पसरलेले त्यांना दिसले. बाहेरच्या निःशब्दतेत फक्त स्वतःचा श्वास आणि हृदयाचे ठोके ऐकू येत, असे त्यांनी लिहिले आहे. ते चांगले चित्रकार होते. याच प्रवासात त्यांनी रंगीत पेन्सिलींनी कक्षेतला सूर्योदय रेखाटला. अवकाशात काढलेले ते पहिले चित्र मानले जाते.

बाहेरच्या निर्वातात त्यांचा ‘बेर्कुत’ पोशाख फुगून ताठ झाला. हात हातमोज्यांच्या टोकांपर्यंत आणि पाय बुटांच्या तळापर्यंत पोहोचेनात. मांडीवरच्या कॅमेऱ्याचे बटणही हाताला लागेना. अशा अवस्थेत पायांकडून नळीत शिरणे अशक्य होते. तेव्हा जमिनीवरच्या केंद्राला न विचारता त्यांनी झडप उघडून पोशाखातला दाब हळूहळू कमी केला. दाब फार उतरला असता, तर रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन जिवावर बेतले असते. आधी बराच वेळ शुद्ध ऑक्सिजन घेतलेला असल्याने धोका कमी झाला आहे, असा त्यांचा हिशेब होता. ठरलेल्या पद्धतीच्या उलट ते डोक्याकडून आत शिरले आणि त्या अरुंद नळीत अंग दुमडून वळले, कारण बाहेरचे दार बंद करायला तोंड तिकडे असणे भाग होते. तोवर पोशाखात घाम साचून तो पाण्यासारखा हिंदकळत होता.

नळी तोडून टाकल्यावर केबिनचे दार नीट बसले नाही. गळणारी हवा भरून काढण्यासाठी यंत्रणा ऑक्सिजन सोडत राहिली आणि त्याचे प्रमाण धोक्याच्या पलीकडे गेले. एखादी ठिणगी पुरली असती. त्यांचे सहकारी वालेंतिन बोंदारेंको १९६१ साली सरावादरम्यान ऑक्सिजनने भरलेल्या कक्षातल्या आगीत होरपळून गेले होते, त्यामुळे हा धोका दोघांनाही पुरता ठाऊक होता. तापमान आणि आर्द्रता खाली आणून त्यांनी परिस्थिती हाताळली.

मग परतीची स्वयंचलित यंत्रणा चालली नाही. इथे श्रेय बेल्यायेव यांचे, आणि ते त्यांना फारसे दिले जात नाही. दिशा पाहण्याची खिडकी आसनांच्या समोर नसून बाजूला होती. दोन्ही आसनांवर आडवे पडून त्यांनी हाताने यान वळवले. लिओनोव यांनी त्यांना धरून ठेवले. यानाचा तोल राहावा म्हणून इंजिन पेटवण्याआधी दोघांना आपापल्या जागी परतणे आवश्यक होते. त्यात काही सेकंद गेले आणि यान नियोजित जागेपासून सुमारे ३८६ किमी दूर, पेर्म प्रदेशातल्या बर्फाच्छादित अरण्यात उतरले. हाताने नियंत्रण करून परतलेले हे पहिले सोव्हिएत यान.

दाट झाडीमुळे हेलिकॉप्टर उतरू शकत नव्हते. वरून टाकलेले गरम कपडे फांद्यांत अडकले. दोघांनी पोशाख उतरवून आतला घाम पिळून काढला आणि कडाक्याच्या थंडीत, लांडगे व अस्वलांच्या त्या प्रदेशात, रात्र यानातच काढली. दुसऱ्या दिवशी बचाव पथक स्कीवरून पोहोचले. ओंडक्यांचा निवारा उभारून सर्वांनी आणखी एक रात्र तिथेच घालवली आणि २१ मार्चला दोघे स्की करत हेलिकॉप्टरपर्यंत गेले. या अनुभवामुळे लिओनोव यांनी अंतराळवीरांसाठी चांगल्या शस्त्राचा आग्रह धरला. पुढे तीन नळ्यांचे ‘टीपी-८२’ पिस्तूल सोयूझ यानांच्या सामानात आले.

या बिघाडांविषयी त्या काळी सोव्हिएत वृत्तांत अवाक्षर नव्हते. अमेरिकेचे एड व्हाइट ३ जून १९६५ रोजी जेमिनी-४ यानातून उघड्या अवकाशात बाहेर पडले. व्होस्खोद मालिकेत यानंतर समानव उड्डाण झाले नाही. लिओनोव यांनी १९७५ च्या अपोलो-सोयूझ या अमेरिकेबरोबरच्या संयुक्त मोहिमेत सोव्हिएत बाजूचे नेतृत्व केले. बेल्यायेव पुन्हा अवकाशात गेले नाहीत. १० जानेवारी १९७० रोजी, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी, पोटातल्या संसर्गाने त्यांचे निधन झाले.