ल्युकेमिया आणि एचएलए: उंदरांपासून सुरू झालेला शोध

घरात कुणाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, झाला आणि डॉक्टरांनी बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा विषय काढला की एचएलए हा शब्द पहिल्यांदा कानावर पडतो, मग भावंडांचं रक्त घेतात, मॅच होतंय का बघतात, सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. जुळलं की सगळ्यांना हायसं वाटतं आणि तेवढ्यात कुणीतरी हळूच विचारतं, अहो जीन्स एवढे सारखे आहेत तर मग मॅच झालेल्या या बहिणीलाही होणार का? तसं काही नाही, हे आधीच सांगतो. पण प्रश्न चुकीचा अजिबात नाही, शास्त्रज्ञांनी कितीतरी वर्षं जवळपास हाच प्रश्न धरून ठेवला होता.

एचएलए म्हणजे सहाव्या क्रोमोसोमवरचा जीन्सचा एक गठ्ठा, एक आईकडून येतो, एक वडिलांकडून. या जीन्सपासून बनणारी प्रोटीन्स पेशीच्या आत काय चाललंय त्याचे तुकडे बाहेर आणून टी-सेल्सना, म्हणजे इम्यून सिस्टीमच्या पहारेकरी पेशींना, दाखवतात, व्हायरस असला तर तोही दिसतो. कुणाचं एचएलए कुठला तुकडा नीट दाखवेल हे माणसागणिक बदलतं. म्हणूनच वाटलं की कॅन्सरचा धोकाही यावर ठरत असणार.

सुरुवात उंदरांपासून झाली. 1936 च्या सुमारास लंडनमध्ये पीटर गोरर यांना उंदरांमध्ये असा एक अँटिजेन, म्हणजे पेशीवरची ओळखखूण, सापडला ज्यावर दुसऱ्या उंदराची कॅन्सरची गाठ अंगात टिकणार की नाही हे ठरायचं, पुढे अमेरिकेत जॉर्ज स्नेल यांच्याबरोबर काम करून त्या जागेला एच-2 नाव पडलं, उंदरांमधलं एचएलएच म्हणा. मग 1951 मध्ये लुडविक ग्रॉस यांनी ल्युकेमिया झालेल्या उंदरांचा पेशीविरहित अर्क नवजात पिल्लांना टोचला आणि त्यांना ल्युकेमिया झाला, म्हणजे मागे व्हायरस होता. या दोन धाग्यांची गाठ 1964 मध्ये पडली. फ्रँक लिली, एडवर्ड बॉइस आणि लॉइड ओल्ड यांनी दाखवलं की त्याच ग्रॉस व्हायरसने कुठल्या उंदराला ल्युकेमिया होणार हे बऱ्याच अंशी एच-2 वर अवलंबून आहे, एक प्रकार असला की पटकन होतो, दुसरा असला की सहसा होत नाही. माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वात स्वच्छ पुरावा आजही हाच आहे.

माणसात 1958 मध्ये पॅरिसला जाँ दोसे यांनी पहिला असा अँटिजेन ओळखला, तोच आजचा एचएलए-ए2. त्याच सुमारास नेदरलँड्समध्ये लेडनला व्हॅन रूड आणि स्टॅनफर्डला रोझ पेन यांना बाळंतीण झालेल्या बायकांच्या रक्तात अशाच अँटिबॉडीज मिळाल्या. उंदरात दिसलं ते माणसात शोधायची घाई होणारच होती. 1967 मध्ये हॉजकिन आजाराशी, म्हणजे लिम्फ ग्रंथींच्या एका कॅन्सरशी, संबंध असल्याचं पहिल्यांदा मांडलं गेलं, आणि थोड्याच वर्षांत लहान मुलांच्या एएलएलमध्ये, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या एका प्रकारच्या ल्युकेमियात, ए2 जास्त दिसतो अशी निरीक्षणं आली.

इथे जे झालं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमधल्या गटाने 1972 मध्ये पेशंट्समध्ये ए2 जास्त असल्याचं सांगितलं, पण नंतर त्यांनीच नव्याने निदान होणारी मुलं तपासायला घेतली तर तो फरक दिसेना! कारण असं की आधीच्या मोजणीत बरेच पेशंट निदान होऊन काही काळ जगलेले होते, त्या काळी एएलएल झालेली बरीच मुलं लवकर जायची, आणि ए2 असलेली जास्त काळ टिकत होती म्हणून क्लिनिकमध्ये तीच जास्त भेटत होती. म्हणजे जो धोका वाटला तो जगण्याशी जोडलेला निघाला. जी मुलं गेली त्यांचं रक्त तपासायला कुणाला मिळालंच नव्हतं, हे वाचताना गलबलून येतं.

पुढे लक्ष एचएलएच्या क्लास टू नावाच्या दुसऱ्या गटाकडे गेलं, मँचेस्टरच्या गटाने त्यातल्या एचएलए-डीपीचा एक प्रकार मुलांच्या एएलएलशी जोडला. पण 2009 मध्ये संपूर्ण जीनोम चाळणारे मोठे अभ्यास आले आणि वर आले ते आयकेझेडएफ1, एआरआयडी5बी असे वेगळेच जीन्स. त्यातला आयकेझेडएफ1 लिम्फोसाइट, म्हणजे इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, घडवणारा, म्हणजे संबंध इम्यून सिस्टीमशीच पण एचएलएशी नाही. 2011 मध्ये खास एचएलएचा भाग बारकाईने तपासला तेव्हाही मुलांच्या बी-सेल एएलएलशी ठोस नातं मिळालं नाही.

जुळ्यांचं उदाहरणही असंच फसवं. एकाच वारेवर वाढलेल्या जुळ्यांपैकी एकाला ल्युकेमिया झाला की कधीकधी दुसऱ्यालाही व्हायचा, लोक म्हणायचे आनुवंशिक आहे. 1993 मध्ये ब्रिटिश संशोधक मेल ग्रीव्ह्ज यांच्या गटाने दाखवलं की बिघडलेली पेशी गर्भातच एकाकडून दुसऱ्याकडे वारेतल्या रक्तातून गेलेली असते. ग्रीव्ह्ज यांचं म्हणणं 1988 पासून हे की पहिला बिघाड बऱ्याचदा जन्माआधी होतो आणि दुसरा नंतर, एखाद्या इन्फेक्शनला शरीराने चुकीची प्रतिक्रिया दिली की. पहिला बिघाड घेऊन जन्मणाऱ्या बहुतेक बाळांना ल्युकेमिया कधीच होत नाही. एचएलए इन्फेक्शनला कसं उत्तर द्यायचं ते ठरवतं, त्यामुळे त्याचा थोडाफार हात इथे असू शकतो, आणि त्यासाठी अजून शोध चालू आहे. पण मॅच झालेल्या बहिणीच्या रिपोर्टवर जे एचएलए छापलेलं असतं त्यावरून तिला ल्युकेमिया होईल असं कुणीही डॉक्टर सांगत नाही.