पिकातली पायवाट: बांधाने जावं का?

इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड्समध्ये भटकायला निघालेल्यांना हमखास सांगतात, वाट पिकातून जात असेल तर बांधाबांधाने जा. सल्ला भल्या मनाचा, पण चुकीचा. चालण्याचा सार्वजनिक हक्क नकाशावरच्या वाटेपुरताच असतो. बांधाने वळसा घातलात तर उलट तुम्हीच परवानगीशिवाय खासगी शेतात शिरता! सार्वजनिक पायवाट दाखवणारा पिवळा बाण गव्हातून जात असेल तर सरळ गव्हातूनच चाला, एकामागे एक. १९९० च्या कायद्याप्रमाणे पेरणीसाठी नांगरल्यावर शेतकऱ्याने १४ दिवसांत वाट पूर्ववत करायची असते आणि शेतामधली पायवाट किमान १ मीटर रुंद ठेवायची असते. शेताच्या कडेची वाट तर नांगरताच येत नाही. वाट खरोखर अडवलेली असेल तरच गरजेपुरतं वळावं. माणसं चालली नाहीत की पिकातली रेघ बुजते, म्हणून हे आग्रहाने सांगतोय.