द्रवस्फटिकी अर्धवाहक जुने होतात तेव्हा

सोलापुरात मे महिन्यात पारा 44 अंशांच्या आसपास पोहोचतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये उष्मा त्याहूनही अधिक असतो. म्हणून सेंद्रिय अर्धवाहकाची, म्हणजे वीज मर्यादित प्रमाणात वाहू देणाऱ्या कार्बनी पदार्थाची, केवळ ताज्या नमुन्यावर मोजलेली कामगिरी मला अपुरी वाटते.

चकतीच्या आकाराचे रेणूही द्रवस्फटिक, म्हणजे द्रवासारखा वाहणारा पण स्फटिकासारखी रचना राखणारा पदार्थ, बनवतात, हे एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत 1977 साली दाखवून दिले. या चकत्या एकावर एक रचल्या जाऊन स्तंभ तयार होतात आणि विद्युतभार एका रेणूवरून दुसऱ्यावर उड्या घेत स्तंभातून पुढे सरकतो. 1994 साली ट्रायफेनिलीन या चकतीसारख्या रेणूच्या एका गंधकयुक्त संयुगात भाराची गतिशीलता (विद्युतक्षेत्रात तो किती वेगाने सरकतो याचे माप) सुमारे 0.1 चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद इतकी आढळली, आणि सेंद्रिय पदार्थासाठी ती त्या काळी फारच मोठी होती.

मात्र प्रत्येक स्तंभाभोवती विद्युतरोधक हायड्रोकार्बन साखळ्यांचे वेष्टन असते. मागावर ताण्याचा धागा तुटला की शेजारचा धागा त्याची जागा घेत नाही, तसाच स्तंभात अडथळा आला तर भाराला शेजारच्या स्तंभात जाणे अवघड होते.

काळानुसार असे अडथळे दोन कारणांनी वाढतात. एक कारण रचनेचे आहे: पदार्थ हळूहळू स्फटिकरूप घेऊ लागला, तर स्फटिककणांमधल्या सीमा आणि भेगा निर्माण होऊन भार तेथे अडकतो. दुसरे रासायनिक आहे: ऑक्सिजन, ओलावा आणि प्रकाश यांमुळे काही रेणू बदलतात आणि भारासाठी सापळे बनतात. ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांना विशेष घातक ठरतो, कारण तो त्यांना सहज पकडतो. उष्णतेची भूमिका येथे दुहेरी आहे. नमुना द्रव होईपर्यंत तापवून सावकाश थंड केला, तर रेणू पुन्हा नीट रचले जातात आणि रचनेतील दोष बऱ्याच अंशी भरून निघतात, जे कठीण स्फटिकाला सहसा साधत नाही. परंतु तीच उष्णता ऑक्सिडीकरणाचा वेग वाढवते आणि बदललेला रेणू पूर्ववत होत नाही.

या दोन कारणांतील फरक ओळखता येतो. काही मायक्रोमीटर जाडीच्या थरावर प्रकाशाचा क्षणिक झोत टाकून, भार पलीकडच्या इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचण्यास लागणारा वेळ मोजतात. ताज्या, शुद्ध नमुन्यात विद्युतप्रवाह काही काळ स्थिर राहून ठळकपणे खाली वळतो. सापळे वाढले की ते वळण पुसट होत जाते. अशा जुन्या नमुन्याला निष्क्रिय वायूत तापवून, थंड करून पुन्हा मोजावे. वळण परतले तर बिघाड मुख्यतः रचनेतील होता. परतले नाही, तर रसायनाचा संशय धरून नमुना तपासावा लागतो.