विंडोजचे गेम लिनक्सवर पळतात, ते कसे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चे नेहमीचे मोफत अपडेट बंद झाले. सोलापुरात माझ्या ओळखीचा एक गेमिंग कॅफेवाला तेव्हापासून काळजीत आहे. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्याच्या मशीन चौथ्या पिढीतल्या. मी विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव काढलं, तर शेजारी बसलेला इंजिनिअरिंगचा पोरगा म्हणाला, "ओ काका, लिनक्सवर कोडिंग करतेत, गेम नाही चालत त्याच्यावर."

दहा वर्षांपूर्वी हे बऱ्यापैकी खरं होतं. व्हॉल्व्ह कंपनीने २०१३ मध्ये स्टीम हे आपलं गेमचं दुकान लिनक्सवर आणलं, २०१५ मध्ये स्टीम मशीन नावाचे संगणक बाजारात उतरवले आणि ते सपशेल आपटले. गिऱ्हाईक नाही म्हणून कंपन्या लिनक्ससाठी गेम बनवत नव्हत्या आणि गेम नाहीत म्हणून गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. ऑगस्ट २०१८ मध्ये व्हॉल्व्हने प्रोटॉन आणलं आणि ही कोंडी फुटली. विंडोजसाठी बनलेला गेम आहे तसा लिनक्सवर चालवायचा. बनवणाऱ्याने बोटसुद्धा हलवायची गरज नाही.

लोकांना वाटतं, आत कुठेतरी नकली विंडोज बसवलेलं असणार, म्हणजे गेम रखडणारच. तसं नाही. गेमच्या फाइलमधल्या सूचना थेट प्रोसेसरसाठी लिहिलेल्या असतात आणि प्रोसेसर दोन्हीकडे तोच. अडतं ते गेमला काही मागायचं असतं तेव्हा: फाइल उघडून दे, मेमरी दे, चित्र काढून दे. सोलापूरच्या पूर्व भागातला फक्त तेलुगू बोलणारा विणकर मराठी मालकाच्या कारखान्यात बसला, तरी त्याचा हात आणि माग नेहमीच्याच वेगाने चालतो. सूत मागायचं झालं की तेवढ्यापुरता दुभाष्या लागतो. वाइन हे १९९३ पासून घडत आलेलं खुलं सॉफ्टवेअर असंच दुभाष्याचं काम करतं. प्रोटॉन त्याच्यावरच उभं आहे.

खरी कसोटी चित्रांची. विंडोजचे गेम चित्र काढायला डायरेक्टथ्रीडी ही मायक्रोसॉफ्टची प्रणाली वापरतात. लिनक्सवर ते काम व्हल्कन करतं, २०१६ साली आलेलं खुलं मानक. डायरेक्टथ्रीडीच्या सूचना व्हल्कनच्या भाषेत सांगायला मध्ये डीएक्सव्हीके नावाचा थर बसतो. आता अडचण बघा. पाण्यावरची चकाकी, भिंतीवरची सावली, धुराचा विरळपणा यांच्यासाठी प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवणारे छोटे प्रोग्रॅम असतात, त्यांना शेडर म्हणतात. डायरेक्टथ्रीडी ११ मध्ये गेम एकेक गोष्ट सुटी सांगतो: हा शेडर घे, आता तो घे, रंग असे मिसळ. व्हल्कनला मात्र हे सगळं एकत्र बांधलेलं, पाइपलाइन म्हणून, आधीच हवं असतं. त्यामुळे कुठल्या गोष्टी एकत्र येणार हे डीएक्सव्हीकेला ऐन चित्र काढायच्या क्षणी कळायचं आणि मग ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, ती पाइपलाइन ग्राफिक्स कार्डाच्या यंत्रभाषेत उतरवायला घ्यायचा. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं हवीत, तर एका फ्रेमला मिळतात १६.७ मिलिसेकंद. या कामाला ५० लागले की तीन फ्रेम गेल्या. पहिला स्फोट झाला की चित्र थबकायचं. दुसऱ्यांदा तसाच स्फोट सुरळीत दिसायचा, कारण तयार पाइपलाइन एव्हाना जपून ठेवलेली असायची.

२०२२ मध्ये व्हल्कनला ग्राफिक्स पाइपलाइन लायब्ररी नावाची जोड मिळाली. पाइपलाइनचे तुकडे वेगवेगळे तयार करून ठेवायचे आणि ऐनवेळी नुसते जोडायचे. नोव्हेंबर २०२२च्या डीएक्सव्हीके २.० पासून हे वापरात आलं. गेम शेडर वाचून घेतो तेव्हाच, म्हणजे बहुधा लोडिंगच्या पडद्यावर, तुकडे भाजून तयार होतात. गरज पडताच ते झटकन जोडले जातात, आणि मागच्या बाजूला सवडीने त्याच पाइपलाइनची जास्त वेगवान आवृत्ती बनते व पहिलीची जागा घेते. खेळणाऱ्याला पत्ताही लागत नाही. गेमच्या कोडला हात न लावता सगळा वेळखाऊ भाग आधी ओढून घेतला. मला ही युक्ती फार देखणी वाटते.

पण यासाठी ग्राफिक्स कार्डाला व्हल्कन १.३ यायला हवं. जीटीएक्स १०५० टीआयला ते येतं. जीटीएक्स ६०० मालिकेतल्या कार्डांना येत नाही. त्यांच्यावर डीएक्सव्हीकेची जुनी १.१० मालिकाच चालवावी लागते. विंडोज पुसण्याआधी कार्डाचं नाव बघा. आणि 'एफपीएस बूस्टर', म्हणजे सेकंदाच्या फ्रेम वाढवणारी, म्हणून फुकट वाटली जाणारी सॉफ्टवेअर कुठल्याच मशीनवर टाकू नका. कार्डाची ताकद अशा बटणाने वाढत नाही, आणि सोबत नको ते काय काय मशीनमध्ये शिरतं ते वेगळंच.

मग कॅफेवाल्याने उद्याच लिनक्स टाकावं का? संध्याकाळी पोरं कशासाठी येतात त्यावर आहे. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ लिनक्सवर मुळातच चालतात. जीटीए ५ची कथा खेळता येते. व्हॅलोरंट मात्र अजिबात नाही. त्याचा वॅनगार्ड हा फसवणूक पकडणारा प्रोग्रॅम विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये बसतो. लिनक्सचा कर्नल कोणीही बदलून स्वतः तयार करू शकतो. पहारेकरी ज्या जमिनीवर उभा, तीच खेळाडूच्या हातात. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या फसवणूक पकडणाऱ्या दुसऱ्या दोन प्रोग्रॅमनी २०२१ मध्ये प्रोटॉनसाठी सोय केली, पण ती सुरू करायची की नाही हे गेमची कंपनी ठरवते. सप्टेंबर २०२४ मध्ये जीटीए ऑनलाइनला बॅटलआय लागलं आणि लिनक्सवाले बाहेर पडले. पुढच्याच महिन्यात एपेक्स लेजंड्सनेही दार बंद केलं.

'विंडोज संपलं' असं ओरडणारे व्हिडिओ म्हणूनच खोटी आशा लावतात. स्टीमच्या पाहणीत लिनक्सचा वाटा ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिल्यांदा ३ टक्क्यांच्या वर गेला. आकडा लहान आहे, पण २०२२ मध्ये आलेला, लिनक्सवर चालणारा हातातला स्टीम डेक त्यामागे आहे आणि त्याच्यासाठी कंपन्या आता गेम तपासून बघतात. एकट्याने खेळायच्या गेमबाबत माझ्या मते प्रश्न जवळपास सुटला आहे. ऑनलाइन स्पर्धेच्या गेमचं अडलंय ते विश्वासावर. खेळाडूचं मशीन चाळण्याऐवजी त्याच्या हालचाली सर्व्हरवरच तपासून फसवणूक पकडायचं तंत्र मुरलं, तर कर्नल कोणाचा आहे याने कंपन्यांना फारसा फरक पडणार नाही. तोवर कॅफेत दोन्ही प्रकारच्या मशीन ठेवाव्या लागतील: व्हॅलोरंटसारख्या गेमसाठी विंडोज ११च्या, बाकीच्या लिनक्सच्या.