मेरोपेनेम ‘आर’, पण कोणत्या जनुकामुळे?

आयसीयूतल्या रुग्णाचा कल्चर रिपोर्ट येतो. वर जिवाणूचं नाव, क्लेब्सिएला न्यूमोनिए. खाली औषधांची लांबलचक यादी आणि मेरोपेनेम या अँटिबायोटिकपुढे ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट. मेरोपेनेम चालणार नाही एवढं त्यावरून कळतं. मग काय चालेल? ते ठरवायला या जिवाणूनं मेरोपेनेम निकामी कसं केलं, हे माहीत असावं लागतं.

भारतातल्या रुग्णालयांत बहुतेकदा दोनपैकी एक उत्तर निघतं: एनडीएम (‘न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’) किंवा ओएक्सए-48 च्या कुळातलं जनुक. कधी दोन्ही एकाच जिवाणूत सापडतात. दोन्ही जनुकं मेरोपेनेम तोडणारं एन्झाइम बनवतात, म्हणून रिपोर्टवर अक्षर एकच उमटतं. उपचार मात्र वेगळे. ओएक्सए-48 असेल तर सेफ्टाझिडीम-अविबॅक्टम हे जोड-औषध बऱ्याचदा लागू पडतं, कारण अविबॅक्टम त्या एन्झाइमला जखडून ठेवतं. एनडीएमचं काम चालतं जस्ताच्या आयनांवर, आणि त्याला अविबॅक्टम रोखू शकत नाही. तिथे अ‍ॅझट्रिओनाम हे औषध सोबत द्यावं लागतं. एनडीएमला अ‍ॅझट्रिओनाम तोडता येत नाही. ते तोडणारी दुसरी एन्झाइमं त्याच जिवाणूत बहुधा असतातच, पण त्यांचा बंदोबस्त अविबॅक्टम करतं. रुग्ण गंभीर असताना हा फरक एक दिवस आधी कळणं फार मोलाचं आहे.

एनडीएमची पहिली नोंद झाली ती स्वीडनमध्ये. भारतीय वंशाचा एक स्वीडिश रुग्ण दिल्लीतल्या रुग्णालयात उपचार घेऊन परतला होता. जानेवारी 2008 मध्ये त्याच्या लघवीत असा क्लेब्सिएला सापडला. त्याचा शोधनिबंध डिसेंबर 2009 मध्ये आला. त्यातली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: त्याच रुग्णाच्या विष्ठेतल्या ई. कोलाय या दुसऱ्या जातीच्या जिवाणूमध्येही हेच जनुक होतं. जनुक बसलेलं होतं प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या अशा कड्यावर जे एका जातीच्या जिवाणूतून दुसऱ्या जातीत जाऊ शकतं. त्यामुळे वॉर्डात फक्त क्लेब्सिएलावर नजर ठेवून भागत नाही. पुढे मार्च 2010 मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आपली नोंद प्रसिद्ध केली: मेरोपेनेमच्या गटाला दाद न देणाऱ्या 24 जिवाणूंपैकी 22 मध्ये एनडीएम होतं. नावात ‘नवी दिल्ली’ का, यावर तेव्हा देशात बराच वाद झाला. त्या गदारोळात मुंबईचा हा आकडा जेवढा चर्चेत यायला हवा होता, तेवढा आला नाही, असं मला वाटतं.

हे ओळखायचं कसं? महागडं यंत्र नसलं तरी एक चाचणी होते. मेरोपेनेमची छोटी चकती रुग्णाच्या जिवाणूसोबत पोषक द्रवात चार तास ठेवतात. दुसऱ्या नळीतही तेच, फक्त तिच्यात ईडीटीए घालतात. ईडीटीए जस्त बांधून घेतं. मग दोन्ही चकत्या काढून, मेरोपेनेमनं सहज मरणाऱ्या ई. कोलायचा थर दिलेल्या प्लेटवर ठेवतात. दुसऱ्या दिवशी पहिल्या चकतीच्या कडेपर्यंत जिवाणू वाढलेले असतील, तर तिच्यातलं औषध नळीतच तुटलं. ईडीटीएवाल्या चकतीभोवती मात्र स्वच्छ वर्तुळ दिसलं, तर तिथलं औषध शाबूत राहिलं. याचा अर्थ, तोडणारं एन्झाइम जस्तावर चालणारं होतं. एनडीएमचा संशय इथेच पक्का होत जातो. एक अडचण आहे: ओएक्सए-48 सोबतीला असेल, तर ईडीटीए घातल्यावरही औषध तुटतं आणि एनडीएम लपून राहतं.

पीसीआर कार्ट्रिज, म्हणजे ठरावीक जनुकं थेट शोधणारं यंत्रात घालायचं तयार किट, हेच काम तासाभरात करतं, आणि दोन्ही जनुकं असतील तर दोन्ही दाखवतं. पण त्याला पाच नेहमीची जनुकंच शोधता येतात. जिवाणूच्या बाह्य आवरणातल्या छिद्रांची प्रथिनं बिघडली, तर औषध आतच शिरत नाही. मग पाचही रकाने ‘निगेटिव्ह’ येऊनही मेरोपेनेम लागू पडत नाही. असा निकाल पाहून कुणी निर्धास्त झालं, तर ते धोक्याचं आहे. अशा वेळी संपूर्ण जीनोम, म्हणजे जिवाणूचा सगळा डीएनए, वाचावा लागतो.

जीनोम वाचल्याशिवाय न कळलेली एक गोष्ट आपल्या अगदी जवळची आहे. अ‍ॅझट्रिओनाम ज्या प्रथिनाला चिकटून जिवाणूला मारतं, त्या पीबीपी-3 मध्ये काही ई. कोलायनी चार अमिनो आम्लांचा जादा तुकडा घुसवलेला आहे. डीएनएमध्ये मोजली तर अवघी 12 अक्षरं, पण त्यानं औषधाची पकड ढिली होते. भारतातल्या रुग्णांकडून मिळालेल्या ई. कोलायमध्ये हा तुकडा मोठ्या प्रमाणात आढळतो, असं औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) वोखार्ट संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी 2020 साली दाखवून दिलं. म्हणजे कार्ट्रिजवर ‘एनडीएम’ आलं, ठरल्याप्रमाणे अ‍ॅझट्रिओनाम जोडलं, तरी ई. कोलाय असेल तर ते पुरेल याची खात्री नाही.

म्हणून जनुक कळल्यावरही जिवाणूवर औषध लावून बघणं सुटत नाही. त्यासाठी चार नळ्या लागतात: एक बिनऔषधाची, एक अ‍ॅझट्रिओनामची, एक सेफ्टाझिडीम-अविबॅक्टमची आणि चौथीत दोन्ही औषधं एकत्र. चौथी नळी रात्रभर ठेवून गढूळ झाली, म्हणजे तिच्यात जिवाणू वाढले, तर ही जोडी त्या रुग्णाला उपयोगाची नाही, आणि ते सकाळीच कळवलं तर डॉक्टरांना दुसरा पर्याय बघायला निदान वेळ मिळतो.